राणीचे साधे वस्त्र

व्यक्तिचित्र म्हणजे माणसाचा हुबेहूब चेहरा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अठराव्या शतकातील युरोपच्या राजघराण्यांतील चित्रांना ती पुरती लागू पडत नाही. त्या चित्रांत चेहरा माणसाचा असला, तरी बाकीचा सारा थाट पदाचा असे. मखमली पडदा, भरजरी झगा, रत्ने, मुकुट यांवरून पाहणाऱ्याने ओळखायचे ते पद. हा दंडक मोडला तर काय होते, हे १७८३ साली पॅरिसमध्ये दिसून आले.

फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत आणि तिची आवडती चित्रकर्त्री एलिझाबेथ विजे-लब्रं या दोघींचा जन्म एकाच वर्षीचा, १७५५ चा. एक ऑस्ट्रियाची राजकन्या, दुसरी पॅरिसमधील एका चित्रकाराची मुलगी. १७८३ च्या मे महिन्यात विजे-लब्रंला राजाच्या चित्रकला अकादमीत प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी लूव्रमधील प्रदर्शनात तिने राणीचे नवे चित्र मांडले.

चित्रात राणीच्या अंगावर पांढऱ्या मलमलीचा सैल झगा आहे. कमरेला तलम पट्टा, डोक्यावर गवती टोपी, हातात गुलाब. रत्न एकही नाही. व्हर्सायच्या दरबारापासून जरा दूर, त्रियानोंच्या आपल्या खाजगी वाड्यात राणी असेच कपडे घाली. चित्रकर्त्रीने राणीला तिच्या आवडत्या रूपात रंगवले, एवढेच.

परंतु प्रेक्षक खवळले. राणीला आतल्या कपड्यांत रंगविली, असे लोक म्हणू लागले. रागाचे दुसरेही कारण होते. फ्रान्सची शान ल्यों शहराच्या रेशमात. राणीने ते रेशीम मिरवायचे, म्हणजे तेथील विणकरांना काम मिळायचे. मलमल पडली परदेशी, त्यातली पुष्कळशी तर आपल्याच हिंदुस्थानातून युरोपात जाई. आधीच परकी ठरलेली राणी परक्या कापडात उभी राहिली, हे कोणाला रुचावे?

चित्र काढून घ्यावे लागले. त्याच्या जागी विजे-लब्रंने दुसरे चित्र दिले. उभे राहण्याची ढब तीच, हातातला गुलाब तोच. पोशाख मात्र निळसर करड्या रेशमाचा, लेस लावलेला, आणि गळ्यात मोती. हे चित्र आज व्हर्सायला आहे. ते पाहून कोणी तक्रार केली नाही.

येथे थोडे थांबून विचार करावा. याच राणीला लोक उधळी म्हणून दूषणे देत होते. ती नटली तर उधळी, साधी राहिली तर निर्लज्ज! दोष एकट्या लोकांचा नव्हता. प्रजेच्या घामावर पोसलेल्या पदाला हवे तेव्हा बाजूला ठेवून साधेपणाचे सुख घ्यावे, ही सवलत तिला कोण देणार? त्रियानोंचा साधेपणाही खर्चिकच होता. तरीही त्या पांढऱ्या झग्यात एक बाई आपल्याला नुसते माणूस म्हणून पाहा, असे सांगत होती, हेही खोटे नाही.

१७८९ मध्ये क्रांती झाली आणि विजे-लब्रं देश सोडून गेली. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी राणीला वधस्तंभाकडे नेण्यात आले. त्या वेळचे चित्रकार दाव्हिदचे एक छोटे रेखाटन उपलब्ध आहे. हात मागे बांधलेले, ओठ घट्ट मिटलेले, डोक्यावर साधी टोपी. त्या दिवशीही तिचे वस्त्र पांढरे आणि साधेच होते. या खेपेला मात्र ते बदलून आणा, असे कोणी म्हटले नाही.