सावतोबांचा मळा आणि शाळेतले गणित

आषाढी एकादशीचा सोहळा आटोपतो, वारकरी आपापल्या गावी परततात, आणि वद्य चतुर्दशीस माढा तालुक्यातील अरण गावी संत सावता महाराजांची पुण्यतिथी येते. शके १२१७, म्हणजे इसवी सन १२९५ साली, महाराजांनी तेथे देह ठेवला. मळा हीच त्यांची पंढरी. ते मळा सोडून गेले नाहीत, म्हणून देवच त्यांच्या भेटीस जातो, अशी भाविकांची श्रद्धा आहे. पांडुरंगाची पालखी आजही अरणला जाते ती याच भावनेने.

याच तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गावर, टेंभुर्णी आहे. उजनीच्या पाण्याने या भागात उसाचे फड उभे राहिले. येथील शाळांत बसणारी पुष्कळ मुले शेतकऱ्यांची, काही दुकानदारांची, तर काही मजुरांची. पिकवणारा, विकणारा आणि राबणारा यांची लेकरे एकाच बाकावर बसतात. न्याय्य व्यापाराचा धडा देण्यास याहून योग्य जागा कोणती?

सावता महाराजांना मळ्यातल्या भाजीत विठ्ठल दिसला. ती भाजी तागडीत पडली म्हणजे तिच्यातले देवपण सरते काय? मापात पाप नको, हे आपल्या घरांतील वडीलधारी माणसे सांगतच आली आहेत. व्यापारी काट्याची सरकारी पडताळणी व्हावी लागते. इलेक्ट्रॉनिक काट्याची ती दर १२ महिन्यांनी होते. हे मुलांनी जाणून घ्यावे आणि बाजारात गेल्यावर काट्यावरील शिक्का पाहण्याची सवय लावून घ्यावी.

परंतु माप खरे असले म्हणजे व्यवहार न्याय्य झालाच, असे मात्र नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा आणला. भाव मिळाला किलोला १ रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता शिल्लक उरली २ रुपये ४९ पैसे, आणि हाती आला २ रुपयांचा धनादेश, तोही पुढील तारखेचा. माल हलक्या प्रतीचा होता, असे व्यापाऱ्याचे म्हणणे. हमालाने ओझे वाहिले, त्याची मजुरी त्याला मिळायलाच हवी. गाडीवाल्याचेही तेच. मग ज्याने महिनोन् महिने रान राखले, त्याच्याच श्रमाला मोल का उरू नये?

आमच्या मते हा प्रश्न शाळेच्या गणितात यायला हवा. नफा-तोट्याची उदाहरणे बहुधा खरेदी किमतीपासून सुरू होतात. त्याआधीचे बियाणे, खत, पाणी आणि घरच्या माणसांची मजुरी त्यांत दिसत नाही. अनेक शाळांत मुलांचा बाजार भरतो, मुले घरची भाजी आणून विकतात. त्या बाजारात प्रत्येक मुलाने पाटीवर दोन आकडे लिहावेत : एक विक्रीचा आणि दुसरा पिकविण्याच्या खर्चाचा. वडिलांना मिळालेली हिशोबपट्टी वर्गात वाचावी. भाजीपाला व फळे यांवरील अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असा बदल राज्यात २०१६ साली झाला. पट्टीत ती कापली आहे काय, हे मुलांनी पाहावे. गाळपास दिलेल्या उसाचे पैसे १४ दिवसांत मिळावेत, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तारखा मोजणे तर पाचवीच्या मुलालाही जमते.

परदेशांतही हा विचार रुजला आहे. १९८८ साली नेदरलँड्समध्ये कॉफीच्या पुड्यांवर न्याय्य व्यापाराचे चिन्ह प्रथम आले. बाजार कितीही कोसळला तरी उत्पादकाला ठरावीक किमान भाव आणि त्यावर गावाच्या कामासाठी काही जादा रक्कम, हे त्यामागील तत्त्व. तेथील मुलांना मळेवाला चित्रातच पाहावा लागतो. टेंभुर्णीच्या मुलाला तो घरात, शेजारी, बांधावर भेटतो.

तेव्हा माता-पित्यांना आमची एवढीच विनंती की, उपवासाची रताळी, शेंगदाणे, नैवेद्याची भाजी आणण्यास जाताना मुलांना बरोबर न्यावे. दुकानदाराकडून माप पुरेपूर घ्यावे. वेष्टनावरील कमाल किमतीपेक्षा जास्त देऊ नये. आणि पाटी घेऊन बसलेल्या म्हातारीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये. असे का, हे मूल विचारील. त्याला सावतोबांच्या मळ्याची गोष्ट सांगावी, आणि ५१२ किलो कांद्याचा हिशोब त्याच्याकडूनच करवून घ्यावा.