फेरीवाल्यांची बाजू मांडायची, तर संस्थांनी आधी यादी करावी

कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने घडवले, अशी नोंद तिथल्या शिलालेखात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव आपण आजही वाचू शकतो. त्याच मावळात, लोणावळ्याच्या रस्त्यावर कणसे आणि भजी विकणाऱ्या भगिनीचे नाव नगरपरिषदेच्या नोंदीत आहे का? नसेल, तर तिच्यासाठी झटणारी संस्थाही कमी पडते.

३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर प्रशासनाने पर्यटनस्थळांवरील अनधिकृत टपऱ्या हटवल्या. सुरक्षेचा प्रश्न खरा आहे आणि पोटाचाही. अशा वेळी केवळ मोर्चा आणि निवेदन पुरत नाही, कायदा माहीत असावा लागतो.

पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही. सर्वेक्षण पाच वर्षांतून किमान एकदा व्हावे लागते. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो.

नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला असतात. अनुसूचित जाती-जमातींनाही योग्य प्रतिनिधित्व द्यायचे आहे. शिवाय किमान १० टक्के जागा स्वयंसेवी व वस्तीपातळीवरील संस्थांच्या आहेत. म्हणजे कायद्याने आपल्याला खुर्ची दिली आहे. तिथे बसण्याची तयारी आपण केली पाहिजे.

ही तयारी कशी करायची?

१. विक्रेत्यांची यादी करा. नाव, विक्रीची जागा, किती वर्षांपासून, कोणता माल आणि छायाचित्र, हे सर्व त्यात असू द्या.

२. जमीन कोणाची ते आधी तपासा. रेल्वेच्या मालकीच्या जागेला हा कायदा लागू नाही आणि भुशी धरण रेल्वेचेच आहे. लोणावळा, तळेगाव दाभाडे येथे नगरपरिषद आहे, वडगावला नगरपंचायत आहे. तिथे हा कायदा चालतो. कार्ल्यात मात्र ग्रामपंचायत आहे. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज वाया जातो.

३. कागद मागा. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली सर्वेक्षणाची यादी आणि समितीची इतिवृत्ते मागवा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते.

४. विक्रेत्यांना बोलते करा. समितीपुढे कार्यकर्त्याने नव्हे, त्या भगिनीने स्वतः बोलावे. आपण तिच्या शेजारी कागद घेऊन बसावे.

वर्गणी गोळा करून जयंती थाटात साजरी करणारी मंडळे आपल्याकडे गावोगावी आहेत. तोच जमाखर्च लिहिणारा हात आणि तीच तरुण मुले महिन्यातून दोन रविवार या कामाला मिळाली, तरी पुढच्या पावसाळ्याआधी यादी तयार होईल. टपरी हटवायला गाडी येईल तेव्हा तीच यादी कामी येईल.