विश्लेषण : डेंग्यूच्या विषाणूची ‘कात्री’ प्रयोगशाळेत कशी मोजतात?

पावसाळ्यात रत्नागिरीत डेंग्यूचा रुग्ण आढळला की रक्ततपासणी होते, तापाची गोळी आणि सलाइन दिले जाते. विषाणूलाच रोखणारे मान्यताप्राप्त औषध मात्र अद्याप नाही. शेजारच्या सिंधुदुर्गात २०१६ मध्ये पसरलेल्या माकडतापाचेही तेच. दोन्ही विषाणू एकाच फ्लॅव्हिव्हायरस गटातले. त्यांच्यावरील औषधाच्या शोधाची एक वाट विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, मोजणीपासून सुरू होते.

विकरच लक्ष्य का?
हे विषाणू पेशीत शिरल्यावर आपली सगळी प्रथिने एकाच लांब साखळीत तयार करवून घेतात. साखळी ठरावीक जागी कापली गेली तरच नवे विषाणू बनतात. यातले अनेक काप विषाणूचेच प्रोटीएज हे विकर घेते. ही कात्री अडवली की वाढ थांबते. याच तत्त्वावर एचआयव्हीसाठी १९९५ मध्ये आणि हिपॅटायटिस सीसाठी २०११ मध्ये औषधे आली.

मोजणी कशी होते?
प्रथिनाच्या छोट्या तुकड्याला चमकणारा रेणू जोडतात. तो जोडलेला असेपर्यंत फारसा चमकत नाही. विकराने तुकडा कापला की उजळतो. ९६ किंवा ३८४ खळग्यांच्या प्लेटमध्ये विकर, हा तुकडा आणि संभाव्य औषध एकत्र करून चमक किती वेगाने वाढते ते यंत्र नोंदवते. वेग निम्म्यावर आणणारी मात्रा म्हणजे ‘आयसी-५०’. ती जितकी कमी, तितके औषध प्रभावी.

जिवंत विषाणू लागतो का?
नाही. विकराचे जनुक निरुपद्रवी जिवाणूत घालून शुद्ध विकर मिळवतात. त्यामुळे पहिली चाळणी साध्या प्रयोगशाळेतही होते. घातक विषाणूंवरील पुढच्या चाचण्यांना कडक जैवसुरक्षा लागते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत त्यासाठी बीएसएल-४ प्रयोगशाळा आहे.

फसगत कुठे होते?
वनस्पतींच्या अर्कातला रंग चमक झाकू शकतो. त्यातील टॅनिन कोणत्याही प्रथिनाला चिकटते. दोन्ही वेळा विकर थांबल्याचा भास होतो. म्हणून विकराशिवाय आणि औषधाशिवाय असे खळगे तुलनेला ठेवतात. ट्रिप्सिनसारख्या मानवी विकरावरही तोच पदार्थ तपासतात. तेही थांबले तर तो औषध म्हणून धोक्याचा.

मग औषध का नाही?
डेंग्यूच्या प्रोटीएजची खाच उथळ आहे. तिथे घट्ट बसणारे विद्युतभारित रेणू पेशीत सहज शिरत नाहीत. त्यामुळे ‘अमुक पानाने डेंग्यूचे विकर रोखले’ अशी बातमी आली, तर पेशींवर, प्राण्यांवर आणि माणसांवर चाचणी झाली का, हे आधी पाहावे. तोवर डास रोखणे आणि तापात वेळीच डॉक्टरांकडे जाणे, हाच उपाय.