पावलांचा हिशेब : मनगटावर की कमरेला?

मधुमेहात डॉक्टर चालायला सांगतात. म्हणून आता आपल्या कष्टकरी घरांतही मनगटावर पावले मोजणारा पट्टा आला आहे. पण बंधू-भगिनींनो, तो पाय पाहत नाही, हाताची हालचाल टिपतो. हातगाडी ढकलताना, डोक्यावरचे ओझे धरताना हात स्थिर राहतो. पावले कमी मोजली जातात. भांडी घासताना मात्र बसल्या जागी आकडा वाढू शकतो. १९६५ साली जपानमध्ये निघालेले ‘मानपो-केई’ हे यंत्र कमरेलाच लावत. आमचे सांगणे एवढेच : अशा कामात चिमट्याचे यंत्र कमरेला घट्ट लावा. मनगटी पट्टा कमी वापराच्या हातात बांधा. स्वतः १०० पावले मोजून आकडा ताडून पाहा. आकडाच चुकीचा सांगितला, तर डॉक्टरांचा अंदाजही चुकेल.