वाखरी ते पायरी

वारीवरचे आपल्याकडचे बहुतेक लेखन आळंदी-देहूला सुरू होते, दिवेघाटाच्या चढणीवर रंगते आणि पंढरपूर जवळ आले की हात जोडून गप्प होते. शेवटचे तीन-चार दिवस कोणी फारसे तपासून पाहत नाही. माझ्या मते वारीचा सामाजिक अर्थ सर्वांत स्पष्टपणे वाचता येतो तो या शेवटच्या टप्प्यातच. सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर टाळ-मृदंगाच्या आवाजात जे प्रश्न झाकले जातात, ते देवळाचे दार जवळ येताच उघडे पडतात. म्हणून येथे वेळापूरपासून नामदेव पायरीपर्यंतच्या वाटेचाच विचार करायचा आहे.

आधी वाट समजून घेऊ. ज्ञानेश्वरांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. माळशिरस सोडून वेळापूरकडे येताना एका उतारावर ‘धावा’ होतो. तुकोबांना येथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. म्हणून दिंड्याही धावत सुटतात. पुढे ठाकूरबुवांच्या समाधीजवळ गोल रिंगण होते, भंडीशेगावच्या अलीकडे सोपानदेवांची पालखी भेटते, आणि भंडीशेगावहून निघाल्यावर बाजीरावाच्या विहिरीजवळ पुन्हा रिंगण होते. त्यानंतर वाखरी. निरनिराळ्या दिशांनी आलेल्या पालख्या येथे एकत्र होतात. आषाढ शुद्ध दशमीला नामदेवांची पालखी पंढरपुरातून संतांना सामोरी येते आणि ठरलेल्या क्रमाने पालख्या शहरात शिरतात. ज्ञानेश्वरांची सर्वांत शेवटी. वाखरी ते पंढरपूर ही वाट एरवी दोन तासांची, पण त्या दिवशी तिला अख्खा दिवस पुरत नाही. एकादशीला चंद्रभागेचे स्नान, नगरप्रदक्षिणा आणि दर्शन. द्वादशीला उपवास सुटतो. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला होऊन पालख्या परतीला लागतात.

या साऱ्यात ‘मान’ हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येतो. कोणाची पालखी आधी, कोणाची नंतर, कोणत्या दिंडीचा क्रमांक कितवा, पादुका कोणी हाती घ्यायच्या, हे सर्व मानाने ठरलेले आहे. ज्ञानेश्वरांच्या रथापुढे सत्तावीस दिंड्या चालतात, बाकीच्या रथामागे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला जी शिस्त लावली तिच्यामुळेच लाखो माणसे गोंधळ न होता चालू शकतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु आपल्या समाजात क्रम लागला की त्यात जात शिरते. पूर्वी अस्पृश्य मानलेल्या जातींच्या दिंड्या माउलींच्या अश्वाच्याही पुढे चालत. वरवर पाहता हा अग्रक्रम वाटतो. प्रत्यक्षात सोहळ्याची मोजदाद अश्वापासून सुरू होते. म्हणजे या दिंड्या सर्वांच्या पुढे होत्या आणि मोजदादीच्या बाहेर होत्या. गावकुसाबाहेरची वस्तीही गावात येणाऱ्याला आधी लागते. म्हणून तिला कोणी गावाची पाटीलकी देत नाही.

इरावती कर्वे स्वतः वारीत चालल्या होत्या. त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख मराठी वाचकाला परिचित आहे. ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी महाराष्ट्राची व्याख्या आपल्याला सापडल्याचे त्या सांगतात. हे वाक्य सर्वांनी उचलले. त्याच लेखात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती फार थोड्यांनी उचलली. वाटेवर एकत्र चालणारी, एकच अभंग म्हणणारी माणसे जेवणाच्या वेळी जातीजातीने वेगळी होत, आणि या वेगळेपणाने त्यांचे मन व्यथित झाले होते. एकमेकांच्या पायांवर डोके ठेवणारे वारकरी एकमेकांच्या भाकरीला शिवत नव्हते.

म्हणजे वारीतली समता एक नाही, तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली रस्त्याची, दुसरी पंक्तीची, तिसरी दाराची. रस्त्याची समता वारीने दिली. ऊन, पाऊस आणि चिखल सर्वांना सारखा लागला, आणि अभंग सर्वांच्या तोंडी आला. लिहिण्यावाचण्याचा हक्क नसलेल्या माणसाला शब्द मिळाला ही लहान गोष्ट नव्हे. पंक्तीची समता मागे राहिली. आणि दाराची समता? तिच्यासाठी चोखोबाकडे जावे लागते.

परंपरेने मानाच्या समजल्या गेलेल्या पालख्या सात : निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर, सोपानदेव, मुक्ताबाई, एकनाथ, नामदेव आणि तुकाराम. या सातांत चोखामेळा नाही. तो वाटेवर भेटत नाही. तो आधीच दाराशी जाऊन पडलेला आहे. महाद्वारासमोर नामदेवाची पायरी आहे आणि तिच्यासमोर, बाहेर, चोखोबाची समाधी.

ही समाधी तेथे कशी आली, याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू होते. त्यावर महार राबत होते; त्यांत चोखोबा होता. कुसू कोसळले आणि मजूर त्याखाली गाडले गेले. हे साल १३३८. पुढे नामदेव मंगळवेढ्याला गेला. ढिगाऱ्यातल्या ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला त्या चोखोबाच्या, असे ओळखून त्याने त्या पंढरपूरला आणल्या आणि महाद्वाराशी ठेवल्या. कीर्तनकार ही कथा नामाचा महिमा म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरेच काही दिसते. ज्या भिंतीने चोखोबाला आयुष्यभर गावाबाहेर ठेवले तीच भिंत बांधताना तो मेला. हा मजुराचा अपघाती मृत्यू आहे. आणि ज्यांच्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले नाही त्या त्याच्या सोबत्यांचे काय झाले? त्यांना नाव नाही, समाधी नाही, पुण्यतिथी नाही. त्यांच्या कामाची आणि मरणाची किंमत कथेने केली नाही. वारकरी परंपरेने त्या ढिगाऱ्यातून एक संत उचलला. बाकीचे महार तेथेच राहिले.

जो उचलला त्यालाही आत नेले नाही. जिवंतपणी देहाचा विटाळ होता हे त्या काळाच्या नियमाला धरून झाले. पण मेल्यानंतर, संत ठरल्यानंतर, अस्थींतून देवाचे नाव येते असे सर्वांनी मान्य केल्यानंतरही त्या उंबरठ्याच्या बाहेरच राहिल्या. समाधी देवासमोर आहे हा सन्मान आहे. समाधी दाराबाहेर आहे ही मर्यादा आहे. सन्मान आणि मर्यादा एकाच दगडात बसवण्याचे कसब आपल्या समाजरचनेइतके दुसऱ्या कोणाला साधलेले नाही. आणि हा दगड पुढे सीमेचा दगड झाला. अस्पृश्यांनी चोखोबाच्या समाधीपर्यंत यावे, तिला नारळ वाहावा, कळसाकडे पाहून हात जोडावेत आणि परत फिरावे, असा रिवाज पडला. आमचाच संत आमची वेस झाला.

माझे आजोबा लहानपणी त्यांच्या वडिलांबरोबर एकदा वारीला गेले होते. मंदिर खुले होण्यापूर्वीचा तो काळ. समाधीपाशी पणजोबांनी त्यांना खांद्यावर घेतले आणि विचारले, “दिसला का इठोबा?” ते “व्हय” म्हणाले. दिसले होते ते माणसांच्या डोक्यांपलीकडचे दार. आजोबा हे सांगताना हसत, पण वडिलांना “न्हाई” म्हणता आले नाही हेही सांगत. १९५६ नंतर आमच्या घरातली वारी सुटली आणि पणजोबांनी माळ काढून ठेवली. पणजी मात्र जात्यावर बसली की चोखोबाचे अभंग म्हणतच असे. धर्म बदलला तरी दुःखाची भाषा एका दिवसात बदलत नाही, आणि ती बदलावी असा आग्रह धरण्याचेही कारण नाही.

वाखरीपासून पायरीपर्यंतचे अंतर वारकरी एका दिवसात चालतो. पायरीपासून गाभाऱ्यापर्यंतची वाट थोड्या पावलांची. ती चालायला आपल्या लोकांना १३३८ पासून १९४७ पर्यंत, म्हणजे ६०९ वर्षे लागली. ती वाट दिंडीने उघडली नाही हेही ध्यानात ठेवले पाहिजे. सानेगुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागे केले, १ मे १९४७ रोजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण सुरू केले, आणि बडव्यांनी मंदिर खुले करण्याचे मान्य केल्यावर १० मे रोजी ते सुटले. मूर्तीतले देवत्व कर्मठांनी पाण्याच्या घागरीत काढून ठेवले, अशी त्या वेळची हकीकत पंढरपुरात सांगितली जाते. आपण आत येताच देव घागरीत गेला! अस्पृश्यतेवर इतके नेमके भाष्य कोणा टीकाकारालाही सुचले नसते. पुढे १९७३ चा पंढरपूर मंदिरांविषयीचा कायदा आला, १९८५ मध्ये तो अमलात आला, आणि बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपल्यावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले ते जानेवारी २०१४ मध्ये. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारीपदासाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांच्या मुलाखती घेतल्या. प्रत्येक वेळी दार हलले ते सत्याग्रहाने, कायद्याने किंवा न्यायालयाने.

बाबासाहेबांची या परंपरेकडे पाहण्याची दृष्टी येथे समजून घेतली पाहिजे, कारण तिच्याविषयी दोन्ही बाजूंनी सोयीचे बोलले जाते. ‘मूकनायक’च्या शीर्षभागी त्यांनी तुकोबांचा अभंग घेतला, ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानेश्वरीतील ओव्या घेतल्या. १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. परंतु ‘जातिनिर्मूलना’संबंधी गांधीजींना दिलेल्या उत्तरात त्यांनी स्पष्ट सांगितले, की संतांनी देवापुढे सर्व सारखे असल्याचे सांगितले, माणूस आणि माणूस सारखे, हा लढा त्यांनी लढवला नाही. संताने जात मोडली तरी सामान्याने ती मोडू नये, असाच अर्थ समाजाने त्यातून घेतला. रमाईंनी पंढरपूरला जाण्याची इच्छा व्यक्त केली तेव्हा, जे पंढरपूर भक्तालाच देवापासून दूर ठेवते त्याचे काय करायचे, आपण आपल्या कष्टाने दुसरे पंढरपूर उभारू, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे चरित्रकार सांगतात. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह करणारा नेता, १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा करणारा नेता आणि १९५४ साली देहूरोडला पंढरपूरचे दैवत मूळचे बुद्धाचे असल्याचे मत मांडणारा नेता एकच आहे. या तिन्हींत विसंगती नाही. दार उघडायला लावणे हा हक्काचा प्रश्न होता. दार उघडल्यावर आत जायचे की नाही, हा स्वाभिमानाचा.

या संदर्भात गाडगेबाबांचे वागणे मला बोलके वाटते. ते पंढरपूरला येत, वाळवंट झाडत, कीर्तन करीत, पण देवळाच्या वाटेला जात नसत. अस्पृश्य यात्रेकरूंना उतरायला जागा नसे, म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे १९४९ मध्ये ती वास्तू त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी दिली. चोखोबाचे नाव दाराबाहेरच्या दगडावरून विद्यार्थ्यांच्या खोलीपर्यंत आले ते असे.

आज कोणी म्हणेल, आता एकादशीला सर्वच जातींचे लाखो वारकरी गर्दीमुळे आत जाऊ शकत नाहीत; तेही पायरीचे आणि कळसाचे दर्शन घेऊन समाधानाने परततात; मग जुने कशाला उगाळायचे? उत्तर सोपे आहे. दारापासून परत फिरणे वेगळे आणि दाराशी अडवले जाणे वेगळे. पहिल्यात माणसाची निवड आहे, दुसऱ्यात समाजाचा निर्णय आहे. मी वर्गात चोखामेळा शिकवतो तेव्हा मुले उत्तरपत्रिकेत लिहितात, “चोखोबा मंदिरात गेले नाहीत.” मी तेथे लाल रेघ ओढतो. “जाऊ दिले नाही” असे लिहा, म्हणून सांगतो. व्याकरणाच्या दृष्टीने पहिले वाक्यही शुद्ध आहे. पण त्यात गुन्हेगार सुटतो.

आणि जुने खरोखर जुने झाले आहे काय? लाखो माणसे एका शहरात जमली की नदीचे पात्र आणि गल्ल्या घाणीने भरतात. पुण्य बांधून यात्रेकरू निघून जातो. मागे जे राहते ते कोण उचलतो? वारीच्या काळात पंढरपुरात माणसाला हाताने मैला साफ करावा लागतो, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला होता. न्यायालयाने २०१४-१५ च्या सुमारास नदीपात्रातल्या राहुट्यांवर निर्बंध घातले आणि शौचालये उभारण्याचे आदेश दिले. या कामाला बंदी करणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झालेले आहेत. तरीही न्यायालयाला हात घालावा लागला. मंगळवेढ्याच्या कुसवाखाली कोण होते आणि वाळवंटात झाडू घेऊन कोण उभे असते, या दोन प्रश्नांची उत्तरे आजही एकमेकांपासून फार लांब नाहीत.

म्हणून वारीला नुसते हात जोडणे पुरेसे नाही आणि तिच्याकडे पाठ फिरवणेही पुरेसे नाही. तिच्या शेवटच्या टप्प्यावर उभे राहून आपल्या लोकांनी जे शब्द निर्माण केले ते आपले आहेत. देह विटाळातूनच जन्मतो, मग सोवळा कोण, हा सोयराबाईचा प्रश्न. उष्ट्यावर जगायला का घातलेस, हा कर्ममेळ्याचा देवालाच केलेला जाब. हे वाङ्मय पालखीत बसवून मिरवण्यासाठी नाही. चोखोबाची नम्रता पाठ्यपुस्तकात येते. त्याच्या मुलाचा संताप क्वचितच येतो. तो आणणे हे आपल्यासारख्या शिकलेल्यांचे काम आहे. वारकरी बंधूंनाही एवढेच विचारायचे आहे : पुढच्या आषाढीला वाखरीहून निघाल्यावर पायरीशी डोके ठेवाल तेव्हा समोरचा दगड बाहेर का आहे, हे आपल्या मुलांना काय सांगणार?