मुंगीचे आम्ल, मिथेनॉलचे विष

झाडाची पाने शिवून घरटे बांधणारी तांबडी मुंगी चावली की त्वचेची आग होते. चावा घेतल्यावर मुंगी त्या जागी जे द्रव्य सोडते, त्यात फॉर्मिक आम्ल असते. लॅटिन भाषेत मुंगीला ‘फॉर्मिका’ म्हणतात. त्यावरूनच हे नाव आले. इंग्रज निसर्गवैज्ञानिक जॉन रे याने १६७१ मध्ये मुंग्यांच्या ऊर्ध्वपातनातून हे आम्ल मिळवल्याची नोंद आहे. कार्बोक्सिलिक आम्लांच्या मोठ्या कुटुंबातील हे सर्वांत लहान सदस्य होय.

या कुटुंबाची ओळख सोपी आहे. एका कार्बन अणूला एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने आणि एक हायड्रॉक्सिल गट एकेरी बंधाने जोडलेला असतो. पाण्यात या गटातील हायड्रोजन आयन सुटा होतो आणि द्रावण आंबट बनते. व्हिनेगरमधील अॅसिटिक, दह्यातील लॅक्टिक, लिंबातील सायट्रिक ही सारी याच कुळातील आम्ले. रोजच्या जेवणात ती निर्धोक ठरतात. फॉर्मिक आम्ल मात्र शरीराच्या आतच तयार होऊ लागले, तर प्राणांवर बेतते.

याचे मूळ अल्कोहोलच्या रसायनशास्त्रात आहे. अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण झाले की प्रथम अल्डिहाइड आणि त्यानंतर कार्बोक्सिलिक आम्ल मिळते. यकृतातील विकरे हेच काम करतात. मद्यातील इथेनॉलपासून अखेर अॅसिटिक आम्ल बनते आणि शरीर त्याचा ऊर्जेसाठी वापर करते. मिथेनॉलमध्ये केवळ एक कार्बन कमी असतो. त्याच विकरांच्या हाती पडल्यावर त्यापासून आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल तयार होते. फोलेट या जीवनसत्त्वाच्या साहाय्याने शरीर त्याचा निचरा करते खरे. परंतु माणसात ही क्रिया फार संथ असते. त्यामुळे आम्ल साचत जाते.

साचलेले फॉर्मिक आम्ल पेशींच्या श्वसनसाखळीतील एका महत्त्वाच्या विकराला अडवते. रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही. मग पेशी लॅक्टिक आम्ल निर्माण करू लागतात आणि रक्ताची आम्लता अधिकच वाढते. ऊर्जेची मोठी गरज असणाऱ्या दृष्टिचेतेला पहिला फटका बसतो. रुग्णाला धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते. कायमचे अंधत्व येऊ शकते, मृत्यूही ओढवतो.

मुंबईने हे भोगले आहे. २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने बळी घेतले. मालवणीत मृतांची संख्या शंभरावर गेली. मिथेनॉल हे उद्योगांत लागणारे स्वस्त द्रावक असल्याने अवैध दारूत ते मिसळले जाते. त्याचा रंग, वास, चव यांवरून ते ओळखता येत नाही. शिवाय लक्षणे बहुधा १२ ते २४ तासांनी दिसतात. तोपर्यंत पिणाऱ्याला साधी नशा उतरत असल्याचाच भास होतो.

उपचारांचा आधारही हेच रसायनशास्त्र आहे. मिथेनॉल स्वतः फारसे घातक नसते; त्याचे आम्लात होणारे रूपांतर घातक असते. ते रोखण्यासाठी फोमेपिझोल हे औषध देतात किंवा रुग्णालयात, देखरेखीखाली, शुद्ध इथेनॉल देतात. विकराची ओढ इथेनॉलकडे अधिक असल्याने ते त्यातच गुंतून राहते आणि मिथेनॉल तसेच पडून राहते. जोडीला आम्लता कमी करण्यासाठी सोडियम बायकार्बोनेट, निचऱ्यासाठी फोलिनिक आम्ल आणि गंभीर रुग्णांना डायलिसिस दिले जाते. हा उपाय घरी दारू पाजून करणे मात्र जीवघेणे ठरेल.

या साऱ्यात वेळ निर्णायक असतो. एकदा आम्ल साचले आणि दृष्टिचेतेला इजा झाली, की गेलेली दृष्टी परत येईलच असे नाही. म्हणूनच संशयास्पद दारू प्यायलेल्याने लक्षणांची वाट न पाहता, पोलिसांचे भय न बाळगता, रुग्णालय गाठावे आणि काय प्यायले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.