दक्षिणचित्र : शालेय सहल आणि जिवंत वारशाचे अर्थकारण

चेन्नईहून पूर्व किनारा मार्गाने दक्षिणेस सुमारे २५ किलोमीटर गेल्यावर मुट्टुकाडू लागते. महाबलीपुरमला निघालेल्या शालेय सहलींच्या अनेक बसगाड्या येथे थांबतात. रस्त्यालगतच्या सुमारे दहा एकर जागेत तामिळनाडू, केरळ, कर्नाटक आणि तेलुगू प्रदेशातील जुनी घरे उभी आहेत. त्यांच्या ओसरीवर कुंभाराचे चाक फिरते, मागावर धोटा धावतो आणि शाळेचा गणवेश घातलेली मुले भोवती कोंडाळे करून उभी असतात. ‘दक्षिणचित्र’ या नावाने ओळखले जाणारे हे संग्रहालय काचेच्या कपाटांतील वस्तूंचे नसून राहत्या गावाच्या धर्तीवर मांडलेले आहे.

अशा मुक्त संग्रहालयांची परंपरा युरोपात सुरू झाली. स्वीडनमध्ये आर्टुर हाझेलियस यांनी १८९१ साली स्टॉकहोम येथे ‘स्कानसेन’ उभारले. औद्योगिकीकरणाच्या लाटेत नाहीशी होऊ लागलेली ग्रामीण घरे सुटी करून तेथे आणण्यात आली व पुन्हा बांधण्यात आली. भारतात भोपाळचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आणि उदयपूरचे शिल्पग्राम ही शासकीय आधारावरील उदाहरणे होत. दक्षिणचित्र मात्र स्वयंसेवी संस्थेचे आहे. डेबोरा त्यागराजन यांच्या पुढाकाराने १९८४ साली मद्रास क्राफ्ट फाउंडेशनची स्थापना झाली आणि १४ डिसेंबर १९९६ रोजी संग्रहालय जनतेसाठी खुले झाले. परिसराच्या रचनेत वास्तुविशारद लॉरी बेकर यांचा मोठा वाटा आहे. काही घरे मूळ गावातून तुळई-खांबांसह उतरवून आणलेली, तर काही त्या त्या प्रदेशातील पद्धतीने नव्याने बांधलेली आहेत.

ही घरे मूळ गावातून का हलवावी लागली, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारण्यासारखा आहे. चेट्टिनाडच्या व्यापाऱ्याचे घर हे त्याचे बोलके उत्तर होय. नाट्टुकोट्टै चेट्टियार या सावकारी करणाऱ्या समाजाचे भांडवल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दक्षिण ब्रह्मदेशातील भातशेतीच्या कर्जपुरवठ्यात गुंतले होते. तेथील सागवान आणि तेथे मिळविलेला नफा यांतून शिवगंगा-कारैक्कुडी परिसरातील प्रचंड वाडे उभे राहिले. १९२९ नंतरच्या महामंदीत भाताचे भाव कोसळले, कर्जे थकली आणि तारण जमिनी सावकारांकडे आल्या. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तेथील प्रमुख भातउत्पादक जिल्ह्यांतील सुमारे पाव जमीन चेट्टियारांच्या मालकीची झाली होती. कागदावर संपत्ती वाढली, परंतु ती रोखीत आणता येईना. पुढे १९४२ चे जपानी आक्रमण आणि स्वतंत्र ब्रह्मदेशाचे १९४८ चे जमीन राष्ट्रीयीकरण यांत बहुतेक भांडवल बुडाले. वाड्यांची डागडुजी परवडेनाशी झाली, वारसदार शहरांत गेले आणि कोरीव खांब, दरवाजे कारैक्कुडीच्या जुन्या बाजारात सुटे सुटे विकले जाऊ लागले. अखंड घरापेक्षा त्याच्या लाकडाला अधिक किंमत मिळू लागली, तेव्हा बाजाराने आपला निर्णय दिला होता. दक्षिणचित्रातील चेट्टियार घराच्या दगडी-लाकडी खांबांजवळ उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला शिक्षकाने एवढे सांगितले, तरी महामंदीचा धडा पाठ करावा लागणार नाही.

कायद्याचे संरक्षण या घरांना मिळत नव्हते काय? राज्यघटनेच्या अनुच्छेद ४९ नुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण ही राज्याची जबाबदारी आहे आणि १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुन्या वास्तूंना असा दर्जा देता येतो. महाबलीपुरमची पल्लवकालीन लेणी व मंदिरे या चौकटीत येतात. विणकराचे किंवा कुंभाराचे घर सहसा येत नाही. अनुच्छेद ५१ क (च) मध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे जतन हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. सामान्यांच्या घरांपुरता हा भार प्रत्यक्षात नागरिकांच्या संस्थांवरच पडतो.

मागाजवळचा वर्ग

कांचीपुरमच्या रेशीम विणकराचे घर पाहताना मुलांच्या सहज लक्षात येते, की घराची रचना मागाने ठरविली आहे. लांबलचक दालन मागासाठी, उरलेली जागा माणसांसाठी. ‘कोरवै’ पद्धतीत साडीचे अंग व काठ यांचे बाणे वेगवेगळ्या धोट्यांनी टाकून जोडावर एकमेकांत अडकविले जातात. त्यासाठी मुख्य विणकराशेजारी दुसरा मदतनीस लागतो. पूर्वी हा मदतनीस बहुधा दहा-बारा वर्षांचे मूल असे. म्हणजे सहलीला आलेला विद्यार्थी ज्या मागाकडे कौतुकाने पाहतो, तशाच मागावर त्याच्याच वयाचे मूल शाळेऐवजी बसत होते. बालकामगार प्रतिबंध व नियमन कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही व्यवसायात कामास ठेवण्यास मनाई केली, मात्र शाळेच्या वेळेनंतर कौटुंबिक व्यवसायात मदत करण्याची मुभा ठेवली. विणकामासारख्या घरगुती उद्योगात ही मुभा कोठे संपते, हे तपासणे सोपे नाही.

इळकलच्या विणकराचे घर मराठी वाचकाला परके वाटणार नाही. उत्तर कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील या गावाची ‘इरकल’ साडी दक्षिण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या नेसली गेली. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा स्वतंत्र लावून ते फाशांनी जोडणे हे तिचे वैशिष्ट्य होय. नलगोंडा भागातील (आता तेलंगणा) इकत विणकराच्या घरी सूत आधी बांधून-रंगवून मग विणले जाते. असे ज्ञान पुस्तकात उतरत नाही, हातात राहते. हात थांबले की ते संपते. चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत (२०१९-२०) विणकर व पूरक कामगारांची संख्या ३५.२२ लाख आढळली. २००९-१० च्या गणनेत ती ४३.३१ लाख होती. १९८५ च्या हातमाग (उत्पादनासाठी वस्तूंचे आरक्षण) कायद्याने ठरावीक वस्तू हातमागासाठी राखून ठेवल्या आहेत, भौगोलिक निर्देशनाचे संरक्षणही आहे. पण यंत्रमागाची नक्कल ओळखणारा ग्राहक नसेल तर दोन्ही उपाय दुबळे पडतात. असा ग्राहक घडविण्याचे काम एखाद्या सहलीतून होऊ शकते.

विशाखापट्टणम भागातील गोल मातीचे घर मुलांना विशेष आवडते. भिंत वर्तुळाकार आणि गवताचे छप्पर जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेले असल्याने चक्रीवादळाचा वारा अडत नाही, वळून जातो. बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आपत्ती व्यवस्थापन घराच्या आकारातच बसविले होते.

सहलीचा खर्च

सार्वजनिक वित्ताच्या परिभाषेत अशी सहल ही गुणवस्तू ठरते. रिचर्ड मसग्रेव्ह यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या या संकल्पनेनुसार काही वस्तूंचा लाभ ग्राहकाला आधी उमगत नाही. किंमत पूर्णपणे त्याच्यावर सोडल्यास उपभोग समाजाला हवा त्यापेक्षा कमी राहतो. महाबलीपुरमच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही, कारण खर्च केंद्र शासन उचलते. संस्थेने चालविलेल्या संग्रहालयास मात्र तिकीट लावावेच लागते. त्यात बसभाडे मिळविले की महापालिका शाळेतील मुलाच्या पालकांसाठी ही रक्कम लहान राहत नाही. ज्यांच्या घरी माग किंवा चाक होते, त्यांची नातवंडे ते पाहायला येऊ शकत नाहीत आणि ज्यांनी ते कधी पाहिले नाही, ती मुले वातानुकूलित बसने येतात, असा विपर्यास घडू शकतो.

दुसरी अडचण गर्दीची. मैदानात एक मूल वाढल्याने खर्च वाढत नाही. कुंभाराच्या चाकापाशी दहा मुले असली तर प्रत्येकाला माती हाताळता येते. पन्नास असली तर मागच्यांना फक्त पाठी दिसतात. तुकड्या पाडाव्यात तर कारागिराचे तास वाढतात. विल्यम बोमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये रंगभूमीविषयी जे दाखविले, ते येथेही लागू पडते: कारखान्यातील कामगाराची उत्पादकता वाढते, मातीचे मडके हाताने घडवायला लागणारा वेळ तेवढाच राहतो; मजुरी मात्र बाहेरच्या दराने द्यावी लागते. म्हणून जिवंत प्रात्यक्षिक दरवर्षी सापेक्षतः महाग होत जाते. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठातील ग्रामजीवन संग्रहालयाने पुतळ्यांचा मार्ग स्वीकारला आहे. पुतळ्याला मजुरी नको आणि गर्दीचाही त्रास नाही. पण तो मुलाच्या प्रश्नाला उत्तर देत नाही.

न दिसणारे गाव

दक्षिणचित्रात अग्रहारातील ब्राह्मण घर आहे, तंजावर भागातील शेतकऱ्याचे घर आहे. दोन्ही घरांत आज कोणतेही मूल निःसंकोच शिरते. मूळ गावात तसे नव्हते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेती ‘पन्नैयाळ’ म्हणजे जमीनदाराशी बांधलेल्या, बहुतांशी दलित शेतमजुरांच्या श्रमावर चाले. त्यांच्यासाठी १९५२ मध्ये तंजावर कुळे व पन्नैयाळ संरक्षण कायदा करावा लागला. तरीही १९६८ च्या डिसेंबरात मजुरीच्या वादातून कीळवेण्मणी येथे ४४ जणांना जाळून मारण्यात आले. स्वच्छ अंगण आणि रांगोळी पाहून गावगाडा सुखाचा होता अशी समजूत घेऊन मूल परतले, तर सहलीने त्याला चुकीचा इतिहास शिकविला असे म्हणावे लागेल. दोष घराचा नव्हे. घर कोणी बांधले, धान्य कोणी पिकवले आणि उंबऱ्याबाहेर कोण उभे राहत होते, हे तीन प्रश्न शिक्षकाने वर्गातच फळ्यावर लिहून द्यावेत.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध व अन्वेषण यांद्वारे अध्ययनाचा उल्लेख आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने ज्ञानाची शाळेबाहेरच्या जीवनाशी सांगड घालण्यास सांगितले, तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सुचविले, ज्यांत स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकण्याचा समावेश आहे. तरतुदींची उणीव नाही. अंदाजपत्रकात प्रवासखर्चाचे शीर्ष आणि संग्रहालयाच्या दारात पंचवीस मुलांमागे एक जाणता मार्गदर्शक, या दोन गोष्टी मिळाल्या तर दहापैकी एक दिवस मुट्टुकाडूच्या ओसरीवर घालविता येईल. इकडे सोलापूर किंवा पैठणच्या मागापाशी तो घालवायला तर बसभाडेही फारसे पडणार नाही.